जेटीवरचं इंग्रजी

दयाराम,

‘प्रिय’ लिहीत नाही, कारण तू मला प्रिय नाहीस. ‘चिरंजीव’ लिहावं असं तुझं वय राहिलेलं नाही. तेव्हा थेट मुद्द्यावर येते. वाचनालयाच्या मागच्या खोलीवर ‘इंग्रजी काळ तीस दिवसांत – दयाराम सर’ असा जो फलक तू लावला आहेस, तो पाहून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. दहावीला तू इंग्रजीत दोनदा नापास झालास. बोर्डाचे पेपर मी तपासले नव्हते, पण सहामाहीचे मीच तपासले होते, त्यामुळे बोर्डाने तुझ्यावर अन्याय केला असं मला कधी वाटलं नाही. ‘ईट’चा भूतकाळ ‘ईटेड’ लिहिणारा मुलगा आता इतरांना भूतकाळ शिकवतो आहे.

वाचनालयाची अध्यक्ष या नात्याने मी रविवारी सकाळी दहा वाजता समिती घेऊन येणार आहे. मुलांना तोंडी विचारीन. उत्तरं चुकली तर खोलीची चावी तिथल्या तिथे आपल्या चिटणिसाकडे, ओंकारकडे द्यायची. तुझा बाप आमच्या वाडीत माडांचं शिंपणं करायचा. माणूस सरळ होता. तू सरळ नाहीस, हे मला पुराव्याने माहीत आहे आणि तुलाही.

गो. वि. बापट

हे पत्र पोस्टाने आलं. बोर्लीत बापटबाईंच्या घरापासून दयाराम म्हात्रेच्या घरापर्यंत चालत सात मिनिटं लागतात, पण बाईंनी पाकिटावर पाच रुपयांचं तिकीट लावून ते पोस्टात टाकलं, आणि ते तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. दयारामने ते उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. बायको कमळ ओट्यावर बोंबील निवडत बसली होती.

“काय लिवलंय बाईनी?”

“खोली सोड म्हणते.”

“मंग सोडा. खोली न्हाय, ताप हाय तो.”

“तुला नाही कळायचं.”

“मला समदं कलतं. बाईनी शालंत बाकावर उबं केलं व्हतं, त्या बाईच्या खुर्चीत बसायचं हाय तुमाला.”

तिच्या बोलण्यात निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की खोली गेली असती तर क्लास गेला असता. त्याच्या वर्गात बारा जण होते आणि त्यातल्या नऊ मुली. कोणाला दिवेआगरच्या हॉटेलात काउंटरवर लागायचं होतं, कोणाला बंदराच्या ऑफिसात. वाचनालय म्हटल्यावर आईबाप डोळे मिटून मुली पाठवत. दयारामचं घर म्हणजे एक खोली, एक ओटा आणि समोर वाळत घातलेली मासळी. तिथे बावन्न वर्षांच्या बाप्याकडे इंग्रजी शिकायला आपली तरणी पोर कोण पाठवणार? शिवाय ‘सर’. आयुष्यात त्याला ‘ए दया’, ‘ओ तिकीटवाले’, ‘म्हात्रे, चहा सांग’ एवढंच कोणी ना कोणी म्हणत आलं होतं. त्या खोलीत पाय ठेवला की तो सर व्हायचा.

आता ‘पुराव्याने’ म्हणजे काय ते सांगायला हवं. गावात अर्ध्या लोकांना माहीत आहे, पण अर्धवट.

दयाराम सतरा वर्षं दिघीच्या जेटीवर तिकीटखिडकीत बसायचा. तेव्हा खाडीपलीकडे आगरदांड्याला जायला आताची गाड्या चढवणारी मोठी बोट नव्हती, लाकडी लाँच होती. लाँचचा ठेकेदार मुंबईचा, म्हणून रजिस्टर इंग्रजीत. तीन रकाने: ‘अराइव्ड’, ‘लोडिंग’, ‘लेफ्ट’. या तीन शब्दांपलीकडे दयारामला सुरुवातीला काही येत नव्हतं. शेवटची लाँच साडेसहाला. पण खिडकीतल्या माणसाने सहा वाजताच साडेसहाच्या फेरीपुढे ‘लेफ्ट’ लिहायचं, उतारूंचा आकडा घालायचा, त्याची चिठ्ठी लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या हातात द्यायची आणि गल्ला बंद करायचा, अशी तिथली रीत. पलीकडच्या जेटीवरचा माणूस चिठ्ठीशी डोकी ताडून बघायचा. एक डोकं जास्त निघालं की खिडकीवाल्याचा दिवसाचा पगार गेला. दिघीतल्या माणसांना ही रीत पाठ होती, ती सहाच्या आत यायची. लाँच समोर डुलत असली तरी सहानंतर कोणी तिकीट मागत नसे. वहीत गेली ती गेली.

बापटबाई दिघीच्या नव्हेत. २००८च्या जानेवारीत त्या संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी बोर्लीहून रिक्षाने जेटीवर उतरल्या. आगरदांड्यापुढे मुरूडला त्यांचा धाकटा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता. लाँच धक्क्याला लागलेली होती, इंजिन अजून सुरूही नव्हतं. बाईंनी खिडकीत नोट सरकवली.

“एक आगरदांडा.”

“बोट सुटली, बाई.”

“मग ती काय उभी आहे ती?”

“वहीत सुटली.”

“दयाराम, माझा भाऊ आजारी आहे. वहीत खाडाखोड कर.”

“वहीत खाडाखोड चालत नाही. तुम्हीच शिकवलंय.”

हे शेवटचं वाक्य त्याला बोलायची काही गरज नव्हती. पगार जाईल ही भीती खरी होती; पण ते वाक्य पगाराच्या भीतीतून आलं नव्हतं. बाकावर उभं राहून पाय दुखायचे, ते त्या पायांनी काढलेलं वाक्य होतं. त्याला ते बोलताना गोड लागलं, आणि पुढची सोळा वर्षं कडू लागत राहिलं. लाँच त्या दिवशी कुणाच्या तरी मासळीच्या पाट्या यायच्या म्हणून आणखी थांबली आणि सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना हलली. तोवर बाई धक्क्यावर पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. मुरूडला त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लाँचने पोचल्या. भाऊ पहाटेच गेला होता.

पुढे ठेकेदार बदलला, मोठी बोट आली, खिडकीवर संगणक आला आणि दयाराम घरी आला. रद्दीत निघालेली रजिस्टरं तो पोत्यात घालून घेऊन आला. एव्हाना त्याचं इंग्रजी बरंच पुढे गेलं होतं. जंजिऱ्याला निघालेले गोरे लोक दोन लाँचच्या मधला वेळ त्याच्या खिडकीशी काढायचे. तो त्यांना विचारत राहायचा, चुकत राहायचा, आणि ते सुधारत राहायचे. बाकावर कोणी उभं करत नसे. बेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून, स्वतःच्या भाच्याशेजारी बसून त्याने दहावीचं इंग्रजी दिलं. एकसष्ट मार्क पडले. ही गोष्ट बाईंच्या पत्रात नव्हती. त्यांना माहीत नव्हती असं नाही.

रविवारी दहाच्या ठोक्याला बाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, हातात कापडी पिशवी. मागे चिटणीस ओंकार, आणि समितीचे दोन सभासद, ज्यांना कुठल्याच बाजूने बोलायचं नव्हतं आणि जे पंख्याखालच्या खुर्च्या बघून बसले.

“कोण सांगेल?” बाईंनी प्रस्तावना केली नाही. “तू. काय नाव?”

“भाविका.”

“‘ही वेंट’. याचा प्रश्न कर.”

“डिड ही गो?”

“‘डिड ही वेंट’ का नाही?”

भाविकाने दयारामकडे बघितलं. त्याने मान हलवली, सांग.

“डिडने तिकीट काढलंय ना, बाई. एका माणसाचं दोनदा तिकीट नाही काढायचं.”

एक सभासद हसला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि तो पंख्याकडे बघायला लागला.

“तिकीट?”

“ईडी म्हणजे तिकीट. वॉक्ड, टॉक्ड, वॉश्ड. ईडी काढली की क्रियापद भूतकाळाच्या बोटीत चढतं. काही असतात बिनतिकिटाची. वेंट, केम, सॉ, एट. त्यांची तोंडं ओळखून ठेवायची, नाहीतर मध्येच घुसतात.”

“आणि ‘ही गोज’? हा एस कुठून आला?”

“तो एकटा आहे ना. एकट्या माणसाला आपलं सामान आपणच उचलायला लागतं. एस ही त्याची पिशवी. ‘दे’ म्हटलं की माणसं जास्त, सामान वाटून जातं.”

“‘आय’ पण एकटाच असतो.”

भाविका अडली नाही. “‘आय’ खिडकीत बसलेला असतो, बाई. तो कुठे जात नाही, त्याला पिशवी कशाला?”

आता दोन्ही सभासद हसले, आणि ओंकारसुद्धा. दयाराम हसला नाही. तो बाईंचा चेहरा बघत होता, आणि त्या चेहऱ्यावर त्याला जे दिसलं ते रागापेक्षा वाईट होतं. उत्तर बरोबर होतं. बाईंनी चाळीस वर्षं तृतीयपुरुषी एकवचन फळ्यावर खडूने ठोकून ठोकून शिकवलं, आणि पोरं तरी ‘ही गो’ लिहीत राहिली. ही मुलगी चुकत नव्हती.

“भविष्यकाळ,” बाई म्हणाल्या. आवाज अर्धा झाला होता, धार तेवढीच.

“विल हे टोकन. टोकन हातात आलं की क्रियापद जसं आहे तसं उभं राहतं. कपडे बदलायचे नाहीत. ही विल गो. शी विल गो. पिशवीपण खाली ठेवायची.”

“हे व्याकरण नाही,” बाई दयारामकडे वळल्या. “हा बाजार आहे. उद्या ही पोर मुलाखतीला जाईल आणि साहेबाला तिकीट दाखवील.”

“साहेबाला वाक्य दाखवील, बाई,” दयाराम म्हणाला. “तिकीट खिशात राहील.”

“तोंड वर करून बोलू नकोस.”

“मी बसूनच बोलतोय.”

ओंकार खाकरला. तोंडी झालं, आता लेखी बघू, असं काहीतरी म्हणाला. लेखी म्हणजे दयारामने मुलांना वाटलेली जेटीची जुनी रजिस्टरं. नव्या वह्या घ्यायला लावायच्या नाहीत म्हणून तो रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर मुलांकडून लिहून घ्यायचा: डावीकडे काल, मध्ये आज, उजवीकडे उद्या. कोऱ्या पानांच्या आधीची पानं त्याच्याच अक्षरात भरलेली असत. वाटताना त्याने वर्षं बघितली नव्हती. खरं सांगायचं तर त्याने मुद्दाम बघितली नव्हती, कारण एका वर्षाचं रजिस्टर हातात आलं असतं तर ते वेगळं काढावं लागलं असतं, आणि वेगळं काढलं असतं तर ते का काढलं हे स्वतःला सांगावं लागलं असतं. २००८चं ते रजिस्टर भाविकाला गेलं होतं.

बाईंनी भाविकाची वाक्यं तपासली. एक चूक सापडेना. मग माणूस चिडला की करतो तसं, त्यांनी पानं उलटी चाळायला सुरुवात केली, मागे, आणखी मागे, भरलेल्या पानांत. आणि थांबल्या. चष्मा वर सारला, पान नाकाजवळ आणलं. खोलीत कोणाला काही कळलं नाही. दयारामला कळलं. पानाच्या रंगावरून कळलं.

“हे अक्षर कोणाचं?”

“सरांचं,” भाविका म्हणाली.

“मी त्याला विचारतेय.”

“माझं.”

“वाच.”

दयाराम उठला. वही हातात घेतली नाही, बाईंनी दिलीही नाही. त्याने वरूनच वाचलं. “सहा तीस. लेफ्ट. उतारू चौदा.”

“हे किती वाजता लिहिलंस?”

बारा मुलं बघत होती. खोटं बोलायची सोय होती. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट, साक्षीला कोण येणार?

“सहाला. रोज सहालाच लिहायचो.”

“आणि बोट?”

“सात वाजायला दहा कमी असताना गेली.”

“म्हणजे मी आले तेव्हा हे वाक्य खोटं होतं.”

“होय.”

“आणि तू मला माझंच शिकवणं ऐकवलंस.”

“होय, बाई.”

त्या दोन होयांनंतर बाई बोलल्या त्या ओंकारशी, जणू दयाराम तिथे नव्हताच. “मुलांची उत्तरं बरोबर आहेत. तसं इतिवृत्तात लिही. खोली राहील. एक अट आहे.” मग दयारामकडे न बघता: “माझ्या वर्गात चुकीचं वाक्य सापडलं की मुलाने काय करायचं?”

“रेघ मारून खाली बरोबर लिहायचं, आणि घरी आणून दाखवायचं.”

“शाळेत सोमवारच्या आत. दुसऱ्याच्या हाती नाही, स्वतः. एवढं तुझ्या लक्षात आहे तर कर. वही घेऊन घरी ये, माझ्यासमोर त्या ओळीवर रेघ मार आणि खरी वेळ लिही. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर चावी ओंकारकडे.”

त्या गेल्या. सभासद त्यांच्या मागे गेले. ओंकार रेंगाळला आणि म्हणाला, “काका, एक ओळ आहे हो. लिहून टाका आणि सुटा.”

घरी कमळनेही तेच सांगितलं, फक्त दोनदा. “म्हातारीला काय वही खायची हाय? एक रेग मारायची, न् यायचं. नऊ पोरींचं बगा.”

दयारामही तयार होता. हे लोकांना वाटतं तसं नव्हतं, की तो अडून बसला. उलट, सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की ही गोष्ट संपवता येते, आणि ती संपवायची रीत त्याला पाठ आहे. महिन्याच्या सव्वीस तारखेला, सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून, रजिस्टर पिशवीत आणि दोन पेनं खिशात, एक चाललं नाही तर दुसरं, असा तो निघाला.

बापटांच्या वाडीला पुढून लोखंडी फाटक आहे, त्यातून फरशीची वाट सरळ पडवीपर्यंत जाते. बाई पडवीत खुर्चीवर बसून नारळ मोजायला आलेल्या माणसाला काहीतरी सुनावत होत्या. दयारामने फाटकाची कडी वाजवली. बाईंनी मान वर केली. ओळखलं. त्यांनी ओळखलं हे त्याने बघितलं.

“मागच्या दाराने ये,” बाई म्हणाल्या. “पुढची लादी पुसलीय.”

त्या वाडीत दयारामचा बाप धर्माजी एकोणीस वर्षं विहिरीवर होता, आणि एकोणीस वर्षं मागच्या दाराने. चहा मागच्या दाराला, पगार मागच्या दाराला, लेकाच्या नापासाचा निकालपण बाईंनी बापाला मागच्या दाराशीच सांगितला होता. दयारामच्या डोळ्यांसमोर फरशी होती आणि ती कोरडी होती. नारळवाला तिच्यावर चपला घालून उभा होता.

आता बाईंना ते मुद्दाम म्हणायचं होतं की सवयीने तोंडातून गेलं, हे देव जाणे. सवयीने गेलं असेल तर ते जास्त वाईट, असं माझ्यासारखीचं मत. दयारामने तेवढा विचार केला नाही. त्याने कडी हळूच जागेवर ठेवली, जशी दुसऱ्याच्या घरची कडी ठेवावी तशी, आणि वळला. बाईंनी हाक मारली नाही. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत चाळीसेक पावलं आहेत. हाक मारायला तेवढी पुरे होती.

घरी कमळने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “बाई घरी नव्हती.” महिनाअखेर ओंकारने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “तो आलाच नाही.” दोघांनी एकेक खोटं बोलून एकमेकांची अब्रू राखली की आपापली, ते ज्याचं त्याने ठरवावं. चावी ओंकारने नेली. नेताना तो फार अवघडला होता. फलक दयारामने स्वतःच उतरवला, कारण त्याचे स्क्रू गंजले होते आणि ओंकारला ते जमेनात.

क्लास आता ओट्यावर भरतो. नऊ मुलींपैकी दोन येतात, त्याही कमळ समोर बसलेली असते म्हणून. मुलगे तिघेही येतात, पण मुलग्यांना घाई नसते. भाविकाच्या बापाने तिला श्रीवर्धनला दुसऱ्या क्लासला घातलं. तिथे फी तिप्पट आहे आणि मागच्या महिन्यात ती ‘डिड ही वेंट’ असं म्हणाली, हे तिने स्वतःच बाजारात दयारामला सांगितलं आणि जीभ चावली.

बाई आणि तो समोरासमोर येतात. बोर्ली काय एवढी मोठी नाही. सोमवारी भाजी घेताना एकदा बाईंनी वांग्यावरून हात न काढता विचारलं, “काय रे, ते लिहिलंस का?”

“वही घरी आहे, बाई.”

“माझं पेन तयार आहे.”

“माझंही आहे.”

भाजीवालीने दोघांना पिशव्या दिल्या. बाई पोस्टाच्या अंगाने गेल्या, दयाराम स्टँडच्या. रजिस्टर त्याच्या घरी खुंटीला, त्याच पिशवीत, दोन पेनांसकट टांगलेलं आहे. पान उघडलेलं नाही, रेघ मारलेली नाही, आणि बापटांच्या घरी ते अजून पोचलेलं नाही.